नानांनी नापास केलेली गल्ली

नाना शहरांना आण्यांत गुण देत. सोळा आण्यांचं गाव त्यांना जन्मात भेटलं नाही. अमळनेरला एकदा त्यांनी साडेबारा दिले, तेव्हा तिथला एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या धरणगावच्या ओट्यावर हजर झाला होता. नानांनी पेढा खाल्ला आणि गुण होते तेवढेच ठेवले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, आतेभाऊ. देवी टोचायच्या सरकारी नोकरीतून पेन्शनीत निघालेले. तीस वर्षं त्यांनी दोन्ही खानदेश पायी तुडवले, पोरांचे दंड धरले आणि आयांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे कुणाला मुलगी द्यायची असो, दुकान टाकायचं असो, आधी नानांकडे यायचं. नाना छत्री उचलत, त्या गावी जात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येऊन ओट्यावर निकाल सांगत. कारण मात्र कधी सांगत नसत. कुणी फारच धरलं तर म्हणत, "परीक्षक पेपर दाखवत नसतो."

त्यांची एक खूण आम्हा घरच्यांना ठाऊक होती. नोकरीमुळे ते एरवी अगदी अर्जात लिहावं तसं मराठी बोलत. पण गाव नापास करायचं असलं की ते अहिराणीवर येत. ओट्यावरून "शे" आणि "नही" ऐकू आलं की आत चुलीपाशी आई हातातलं काम थांबवी.

त्या ओट्यावर रोजचा वाद एकच, जळगाव चांगलं की धुळं. आबा मूळचे धुळ्याचे. "गल्ल्या बघा, फूटपट्टीने आखलेल्या! माणसाचे डोळे बांधून सोडलं तरी तो आपल्या घरी येईल," असं ते म्हणत. समोरचे भाऊ, कापसाच्या जिनिंगवाले, जळगावचे. ते म्हणत, "डोळे बांधून फिरायचंच कशाला पण, आबा? आमच्याकडे विजेचे दिवे आहेत." मी दाराआड उभी राहून जळगावच्या बाजूने मान हलवायची. मी तोवर दोन्हीपैकी एकही शहर धड पाहिलेलं नव्हतं. पण मत असायला शहर बघावं लागतं, असं मला त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. बटण दाबलं की उजेड पडतो आणि सिनेमाचं थेटर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, एवढ्यावर मी जळगावला सोळाच्या सोळा देऊन मोकळी झाले होते.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मला दोन स्थळं एकदमच आली, एक धुळ्याचं, एक जळगावचं. दोन्ही मुलं कारकून, दोघांनाही मिशा. फरक काय तो गावाचा. आबांनी नानांना दोन्हीकडे पाठवलं.

धुळ्याहून आले ते शांत होते. "दहा आणे. देण्यास हरकत नाही," म्हणाले. जळगावहून आले त्या संध्याकाळी त्यांनी पायसुद्धा धुतले नाहीत. धोतराच्या काठाला पांढरी माती आणि कुसळं चिकटलेली. बाजारातून स्टेशनावर येणाऱ्या माणसाला कुसळं कुठून लागतात, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही. मी पडद्यामागे थेटर मोजत होते.

"जळगावले अकरा," नाना म्हणाले. "पन त्या गल्लीले चार आना. पोरले तठे देवानं नही."

आत आईच्या हातातलं लाटणं थांबलं. आबा म्हणाले, "नाना, या वेळी कारण सांगा. मुलीचा प्रश्न आहे."

नानांनी घरात पाहिलं. कोनाड्यात सुपारी मांडलेली होती, हळदीकुंकवाचं ताट काढलेलं होतं. मग म्हणाले, "लगनना घरमा ते बोलतंस नही," आणि छत्री घेऊन उठले.

त्यावर मी काय केलं? स्वयंपाकघरात नानांची नक्कल केली. खांद्यावर लाटणं, नाकावर चष्म्यासारखी बोटं, "चार आना, चार आना." धाकट्या बहिणी हसून लोळल्या. मग दोन दिवस अन्नत्याग केला, म्हणजे जेवले नाही. फडताळातले गूळ-दाणे खाल्ले. आबा विरघळले. मी जळगावला त्याच गल्लीत नांदायला गेले.

आणि गल्ली इतकी देखणी होती म्हणून सांगू! नवी घरं, दारात सदाफुली, माझ्या खोलीत बटणाचा दिवा. गल्लीच्या टोकाला विहीर, पाणी असं गार नि गोड की दुसऱ्या गल्लीतून बायका घागरी घेऊन येत. शेजारी सुशीला म्हणून माझ्याच वयाची, भुसावळकडची. दुपारी आम्ही दोघी विहिरीच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायचो. मी नानांना कार्ड टाकलं. "परीक्षकांस साष्टांग नमस्कार. गल्लीचे पेपर पुन्हा तपासले. साडेपंधरा आणे. अर्धा आणा केवळ आपल्या मानासाठी कापला आहे." स्वतःच्या हुशारीवर मी दोन दिवस खूश होते. उत्तर आलं नाही.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मी पाहिली नाही. त्या नव्या नव्या घरांत रांगणारं मूल फार क्वचित दिसे. दुपारी गल्ली अगदी चिडीचूप असायची आणि मी माहेरी सांगायची, "आमच्याकडे कसं शांत आहे!"

सातव्या महिन्यात माझं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, बायकांची गाणी चाललेली. दारात नाना उभे. कुणी बोलावलं नव्हतं. सासूबाईंनी रीत म्हणून पाणी दिलं. नानांनी तांब्या हातात धरला, पाण्यात पाहिलं आणि न पिता उंबऱ्यावर ठेवला.

"कमा," ते म्हणाले, "हाई पानी पेऊ नको, माय."

गाणं थांबलं. मग ते भराभर बोलले, कुणी अडवायच्या आत संपवायचं असल्यासारखे. गल्लीमागे नाला आहे. नाल्याकाठी लहान लेकरांना पुरतात ती जागा आहे. कुठल्याही गावी गेले की ते आधी तिथेच जात. मोठी माणसं कशानेही मरतात, पण लेकरं कुठली जास्त येतात यावरून गावाचं पाणी कळतं. तिथल्या माणसाने त्यांना वर्षभरातले ढिगारे दाखवले होते. बहुतेक याच गल्लीतून आलेले. नाल्याचं सगळं या विहिरीत झिरपतं. "मी मोजाले बसनू, मंग मोजनं सोडी दिधं," नाना म्हणाले. "लगनमा बोलनू नही. मनी चूक झाई."

सासूबाईंनी ओटीचं ताट खाली आपटलं. नारळ गडगडत नानांच्या पायाशी गेला. बायका कानांवर हात ठेवून "शिव शिव" म्हणायला लागल्या. आणि मी, फुलांनी मढलेली ती शहाणी, सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "नाना, माझ्या मुलाच्या वाईटावर आहात तुम्ही! पुन्हा या दारात येऊ नका."

नाना गेले. छत्री दाराला टेकवलेली तशीच राहिली.

चारचौघांत मी त्यांना नावं ठेवली, पण त्या दिवसापासून ते पाणी माझ्या घशाखाली उतरेना. डोहाळे म्हणून खपवलं. आठवड्यात माहेर गाठलं. मुलगा झाला. मी तिथे होते तोवर नाना आमच्या ओट्याकडे फिरकले नाहीत. परत आले ती पाणी उकळूनच प्यायला लागले आणि "स्वयंपाकघरात धूर कोंडतो" अशी भुणभुण लावून यांच्याकडून तीन महिन्यांत दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड करवलं. खरं कारण यांनाही सांगितलं नाही. नानांचं म्हणणं मी मानलं, असं दिसायला नको होतं ना!

नानांचं मात्र सगळं संपलं. गरोदर बाईच्या समोर अभद्र बोलणारा माणूस, असं त्यांचं नाव दोन्ही खानदेशांत झालं. ओट्यावर गुण विचारायला कुणी येईना. लग्नपत्रिका तर बंदच झाल्या.

बिऱ्हाड हलवलं त्याच सुमारास सुशीलाला दिवस गेले. तिची ही पहिलीच खेप नि तिला कसली म्हणून भीती नव्हती. नानांच्या तमाशाच्या दिवशी ती गावात नव्हती आणि बायकांनी ते शब्द पुन्हा उच्चारायचे नाहीत असंच ठरवलेलं. तिच्या डोहाळजेवणाला मी गेले. तिची ओटी भरली. तिच्या हातचं पन्हं ओठाला लावून खाली ठेवलं. तिने विचारलं, "का गं, आवडलं नाही?" मी म्हटलं, "गोड फार झालंय." माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण ती इतकी सुंदर दिसत होती, केसांत अबोलीचा गजरा, आणि अशा दिवशी कुणी असलं बोलतं का?

तिची मुलगी सात महिन्यांची होऊन गेली. दोन दिवसांच्या हगवणीने.

पुढच्या महिन्यात मी मुलाला घेऊन धरणगावला गेले, छत्री परत करायला. नाना ओट्यावर एकटेच होते. त्यांनी मुलाचा दंड धरला, देवीचा व्रण तपासला. "उत्तम उठली आहे. मूल निरोगी आहे," पुस्तकी मराठीत म्हणाले. मला हायसं वाटलं. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तोच त्यांनी विचारलं, "शेजारीनले सांगं व्हतं का तू?"

मी छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिले. नानांनी छत्री माझ्या हातून घेतली नाही, उलट माझ्याकडे सरकवली.

आणे जाऊन नवे पैसे आले, त्याच्या आदल्या वर्षी नाना गेले.

हल्ली नातवंडं मोबाईलवर राहायला उत्तम शहरांच्या याद्या वाचतात आणि पुणं वर की नाशिक वर म्हणून भांडतात. मी विचारते, तिथलं पाणी कुठून येतं आणि वर्षभराच्या आतली किती लेकरं गेली? "आजी, शुभ बोल ना!" म्हणतात. मी बोलते. साखरपुड्यात बोलते, बारशात बोलते, कुणाचं तोंड उतरलं तरी वाक्य पुरं करते. डोहाळजेवणाची बोलावणी मला आता येत नाहीत. मी छत्री घेते आणि जाते.