सयाजीने गोल केलेले कोपरे

सयाजी ढवळे मूळचा परभणीकडचा. तळेगावातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तो मशीन चालवायचा आणि मी त्याचा माल तपासायचो. पेट्रोल इंजिनाच्या भागांचं काम आटलं, आठातली पाच माणसं गेली, आणि उरलेल्या आम्हा तिघांचं पोट ग्रॅफाइटच्या काळ्या प्लेटांवर आलं. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलच्या या प्लेटा. त्यांत वळणावळणाच्या बारीक खाचा कोरायच्या. त्यांतून वायू जातो आणि वीज होताना तयार झालेलं पाणी बाहेर पडतं.

सयाजीला टोकदार कोपरा बघवायचा नाही. वीस वर्षांची खोड! उदबत्तीच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून पठ्ठ्या प्रत्येक वळण हाताने गोल करायचा. ड्रॉइंगमध्ये कोपरे चौकोनी होते. मला ते दिसत होतं, तरी काम अडायला नको म्हणून मी 'ओके'चा शिक्का मारला.

महिन्याभराने निशिगंधा मॅडम आल्या. प्लेटांचं डिझाइन त्यांचंच.

"या प्लेटांत पाणी साचतच नाहीये. तुम्ही काही वेगळं केलंत का?"

आमच्या धंद्यात हा प्रश्न माल परत पाठवायच्या आधी विचारतात. सयाजीचा चेहरा पडला.

"न्हाई मॅडम. ड्रॉइंगपरमाणंच केलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली. सीलबंद सेल फोडून बघण्यापेक्षा त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

सयाजीने त्याच दिवशी काडी कचऱ्यात टाकली. पुढच्या सगळ्या प्लेटा चौकोनी कोपऱ्यांच्या निघाल्या. कोपऱ्यांत पाणी तुंबलं, वायूची वाट अडली, सेल एकामागून एक बंद पडले. मॅडम तीन महिने भलतीकडेच कारण शोधत बसल्या. शेवटी त्यांच्या कंपनीने तो प्रकल्पच गुंडाळला, आणि मालकांनी सयाजीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

मॅडम उरलेल्या प्लेटा न्यायला आल्या तेव्हा सयाजी डबा पिशवीत भरत होता. त्याला राहवलं नाही.

"मॅडम, पहिल्या येळी कोपरे म्या गोल केले व्हते. चुकलं माझं."

त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"अहो सयाजीराव, मी त्या दिवशी तुम्हाला शाबासकी द्यायला आले होते. सगळ्या प्लेटा तशाच करून घेणार होते."

मग त्यांनी मला विचारलं, "तपासताना तुमच्या लक्षात नाही आलं?"

सयाजीने माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून शिल्लक होती.

"नाही मॅडम," मी म्हणालो.