शिट्टी एमलिन

मुडदा बसवला त्या कंपनीचा! मेलेल्या माणसावर आळ घ्यायला यांना लाज कशी वाटत नाही?

आमच्या वेल्सच्या खोऱ्यात जिकडेतिकडे जोन्सच. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. एक पाववाला जोन्स, एक दूधवाला जोन्स. माझा शेजारी एमलिन जोन्स कोळशाच्या आगगाडीवर ड्रायव्हर, तो शिट्टी एमलिन. घाट उतरताना गाडी घरावरून गेली की गडी दोनदा शिट्टी वाजवायचा. म्हणजे बायकोने, ब्लॉडवेनने, बटाटे चुलीवर चढवायचे. "आला बघ नवऱ्याचा हुकूम," मी चिडवायचे. "जळतेस मेले!" ती म्हणायची.

त्या मंगळवारी शिट्टी थांबेचना. ब्लॉडवेन हसली. "आज स्वारी जास्तच भुकेली दिसतेय!" तिने बटाटे चढवलेसुद्धा. खाली फाटकावरच्या बाईने मात्र शिट्टी ऐकून वर पाहिलं आणि शाळेतून निघालेली पोरं रुळांवरून ओढून काढली. गाडी सुसाट गेली आणि पुढच्या वळणावर उलटली. एमलिन गेला. ब्रेकचा दांडा दोन तुकडे होऊन पडलेला साऱ्या गावाने पाहिला. दुसऱ्या दिवशी कंपनीने तो उचलून नेला.

चौकशी चॅपलच्या हॉलमध्ये झाली. कंपनीच्या वकिलाने अगदी गोड आवाजात ब्लॉडवेनला विचारलं, "रोज शिट्टी वाजवायचे का हो ते?" भोळी बिचारी! बटाट्यांचं सगळं सांगून बसली. वकील लगेच उलटला. "म्हणजे ब्रेककडे बघायचं सोडून ड्रायव्हर बायकोशी थट्टा करत होता!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ब्लॉडवेनच उभी राहिली. "साहेब, माझ्यासाठी ते दोनदाच वाजवायचे. त्या दिवशी त्यांनी खालपर्यंत शिट्टीची दोरी सोडली नाही. उडी टाकून सुटले असते की! ती हाक या सगळ्यांच्या पोरांना होती, बाजूला व्हा म्हणून. मीच मूर्ख, बटाटे चढवत बसले."

पोरांच्या आया हमसून हमसून रडत होत्या. अहवालात काय आलं? ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. दांड्याचं नावसुद्धा नाही!

आता या मार्गावरचा प्रत्येक ड्रायव्हर एमलिनच्या घरापासून फाटकापर्यंत शिट्टीची दोरी सोडत नाही. कंपनीने मनाईची पाटी लावलीय. लावा म्हणावं! परवा गाडी गेली तेव्हा ब्लॉडवेन बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून ती दारात आली आणि शिट्टी थांबेपर्यंत उभी राहिली.