दुसऱ्याचा जबडा

"शी! शी! शी!" असं तीनदा म्हटल्याशिवाय मावशींनी तेवीस वर्षांत एकही डबा उघडला नव्हता. डब्यात असायचे अर्चिन. म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारे काटेरी गोळे. वर काटे, आत पिवळट रबरबीत रेंदा, आणि रेंद्याच्या मधोमध पाच दातांचा जबडा. संशोधन करणाऱ्या सरांना हवं असायचं लख्ख कवच आणि लख्ख जबडा. मधली घाण काढायची कोणी? मावशींनी. काटे खरवडायचे, जबडा चिमट्याने उपटायचा, दोन्ही ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, वाळली की ज्याचा जबडा त्याच्याच कवचात परत बसवायचा आणि डबी बंद करायची. सांगायला काय जातंय! एकदा वास घ्यायला या म्हणावं.

बरं, वास तरी एक असता! काळ्या लांबकाट्याचा वास नासक्या अंड्याचा. हिरवट बुटक्याचा वास आठवडाभर ओलं राहिलेल्या फडक्याचा. मावशी डोळे मिटून जात सांगायच्या. लॅबमधली मंडळी म्हणायची, "सरांकडे सूक्ष्मदर्शक आहे, आपल्याकडे मावशींचं नाक आहे."

घरी त्या नाकाचं कोणाला कौतुक नव्हतं. दारात पाऊल पडलं की नवरा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणायचा, "आधी आंघोळ." रोज, तेवीस वर्षं. साबण झाला, लिंबू झालं, कॉफीची पूड झाली, पण वास नखांत जाऊन बसलेला, तो काही हलेना. एकदा तर पाहुण्यांसमोर पोटची लेक म्हणाली, "आई, तू जरा पलीकडे बस ना." मावशी बसल्या पलीकडे. करतात काय?

आणि मग एके दिवशी सर त्यांच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मावशी, तोंड गोड करा. नवी जात सापडलीय, आणि तिला तुमचं नाव देतोय."

मावशींचा चिमटा हातातच राहिला.

सरांनी समजावून सांगितलं. कवच हिरवट बुटक्याच्या कुळातलं होतं. त्या कुळाच्या दाताला मागून एक उभी कड असते, झाडून सगळ्यांच्या. ह्या एकाच्या दातांना मात्र कड नव्हती, ते पन्हळीसारखे खोलगट होते. असा प्राणी जगात कोणी पाहिला नव्हता. "दोन कुळांमधला दुवा आहे हा, दुवा!" सर लहान मुलासारखे नाचत होते. लेख तयार होता, फक्त नमुन्याचे फोटो काढायचे राहिले होते.

नवऱ्याने ही बातमी न्हाव्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगितली. "आमच्या हिचं नाव शास्त्रात जातंय, आहात कुठे!" त्या संध्याकाळी त्याने उठून स्वतः दार उघडलं आणि आंघोळीचं बोलायचं चक्क विसरला. मावशींना नावापेक्षा ते विसरणंच गोड लागलं. रात्री उशीला तोंड लावून त्या थोडं रडल्यासुद्धा.

फोटोच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "नमुना जरा पुसून ठेवा." मावशींनी कोमट पाण्यात ब्रश बुडवला आणि जबड्यावरून फिरवला. खाचेत चिकटलेला एक तंतू भिजला. आणि भपकन वास आला.

नासक्या अंड्याचा.

"अगं बाई!" मावशींनी पुन्हा हुंगून पाहिलं. कवच हिरव्याचं आणि वास काळ्याचा? डबीवरची तारीख वाचली आणि सगळं आठवलं. त्या आठवड्यात सर्दीने नाक पार चोंदलेलं. आयुष्यात पहिल्यांदा वास येत नव्हता, म्हणून त्या खुशीत दोन्ही जातींचं काम एकाच दिवशी उरकलं होतं. मावशींनी त्याच तारखेची काळ्याची डबी शोधून काढली. आतला जबडा कवचाला लहान पडत होता, खुळखुळ वाजत होता. दाताला मागून उभी कड.

त्या दोन्ही डब्या घेऊन सरांकडे गेल्या. "सर, माझ्या हातून घोळ झालाय. जबडे बदललेत. हिरव्याच्या कवचातल्या जबड्याला काळ्याचा वास येतोय."

"नाक हा पुरावा नसतो, मावशी."

"नाक राहू द्या. हे ऐका." त्यांनी डबी हलवली.

सरांनी ऐकलं. दात भिंगाखाली धरून बघितला. मग डबी बंद करून हळूच म्हणाले, "कोण उघडून बघणार आहे? आणि नाव तुमचंच आहे. तुम्हाला नकोय का?" वर खांद्यावर थोपटलं. त्यांच्या हाताला अत्तराचा वास होता. मावशींना तो अंगावरून धुऊन काढावासा वाटला.

त्या लॅबचा एक नियम होता. नमुन्यात चूक सापडली तर चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवायची, आणि डबीतली चिठ्ठी कधीही काढायची नाही. पहिल्या दिवशी मावशींना हा नियम शिकवला होता तो याच सरांनी. मावशींनी लिहिलं, "जबडा दुसऱ्याचा आहे. चूक माझी." खाली सही केली, चिठ्ठी डबीत ठेवली आणि घरी गेल्या.

सकाळी केर काढताना सरांच्या टोपलीत चार तुकडे सापडले. अक्षर ओळखायला भिंग लागलं नाही.

तेवीस वर्षं रेंद्यात हात घालून ज्या बाईचं पोट कधी ढवळलं नव्हतं, ती बेसिनवर वाकून भडभडा ओकली. मग चूळ भरली, चिमटा घेतला आणि काळ्याचा जबडा काळ्यात, हिरव्याचा हिरव्यात बसवला. दोन्ही डब्यांत नव्या चिठ्ठ्या टाकल्या.

फोटोवाला दारात उभा असतानाच सरांनी डबी उघडली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काय केलंत हे!"

"माझं काम," मावशी म्हणाल्या. "अर्चिन निदान मेल्यावर नासतो, सर."

फोटोवाला कॅमेरा तसाच गुंडाळून परत गेला. लेखही गेला.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं, तोंडभर हसून. "काय, निघाले का फोटो? नाव कधी छापून येणार?"

"येणार नाही."

"अगं, पण का?"

"वास येत होता त्या नावाला. टाकून दिलं."

त्याचं हसू मावळलं. तो सवयीने दोन पावलं मागे सरला. "आधी..."

"आधी जेवण," मावशी म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारचीच खुर्ची ओढून बसल्या.