एका ताटात दोघं

ताई गेली त्या सकाळी मी बाजारात मटार घेत होतो. पनागरकडच्या भाजीवाल्यानं पोतं उघडलं होतं, मी शेंग फोडून चव बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या भाभींचा फोन आला, "भैया, घर आ जाइए. दीदी उठ नहीं रहीं." मटाराची पिशवी हातात तशीच घेऊन मी घरी आलो. मटार तिच्या कॉलेजच्या पोरांसाठी होते. परिषद तोंडावर आली होती आणि उसळ दरवर्षी माझ्याकडे असायची.

मालूताई, माझी मोठी बहीण, इथं जबलपूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. रिटायर झाली तरी विद्यार्थ्यांची परिषद काही तिनं सोडली नाही. नागपूर, रायपूर, भोपाळहून पोरंपोरी यायची, दिवसभर पेपर वाचायची, एकमेकांना अवघड प्रश्न विचारायची आणि संध्याकाळी आमच्या अंगणात जेवायला यायची. मी जन्मभर फॅक्टरीत गाड्यांचे गिअर बसवले. मला तो सगळा प्रकार म्हणजे लोकांच्या घरात डोकावायचा पगारी धंदा वाटायचा, आणि मी तिला तसं तोंडावर म्हणायचो. ती हसायची. "मग तू काहून ऐकून राहिला दाराआडून?"

जेवणाची रीत मात्र एका घोटाळ्यातून पडली. पहिल्याच वर्षी भांडीवाल्यानं निम्मीच ताटं पाठवली. मी तणतणत त्याला फोन लावायला निघालो, तर ताईनं पोरांना सांगून टाकलं, "दो-दो बैठो, एक थाली में. पर जिसको जानते नहीं, उसके साथ." सकाळी भेदभावावर पेपर वाचून टाळ्या घेतलेला एक मुलगा ताटापुढे बसला आणि त्यानं बोटानं भाताच्या मधोमध रेघ ओढली. हे तुझं, हे माझं. उष्ट्याची भीती पेपर वाचून जात नाही! ताई वाढता वाढता थांबली, रागावली नाही, उलट तिचे डोळे लकाकले. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ, खरा पेपर आत्ता सुरू झाला." पुढच्या वर्षी तिनं मुद्दामच निम्मी ताटं मागवली आणि एक नियम जोडला, की प्रत्येकानं जोडीदाराला एकच प्रश्न विचारायचा. नावगाव नाही, खरंच जाणून घ्यावंसं वाटतं ते. उसळीचा डाव हातात घेऊन मी बघत राहायचो. रेघा पुसल्या जायच्या, उसळ इकडची तिकडे व्हायची, कोणी हसायचं, कोणी डोळे पुसायचं. मला कळेचना, ही एकमेकांना विचारतात तरी काय...

ताई स्वतः मात्र कुणाबरोबरच ताटावर बसली नाही. पोरांचं आटोपलं की मी ओट्याशी उभ्यानं चार घास खाऊन पातेली घासायला घ्यायचो, आणि ती नंतर एकटीच जेवायची.

मागच्या वर्षीच्या परिषदेला तिची तब्येत उतरली होती. पोरं जेवून उठली तेव्हा ती ताट घेऊन खाली बसली आणि मला म्हणाली, "ये."

"नियम मोडून राहिलीस. मी काय अनोळखी आहे?"

"एका घरात म्हातारे झालो, तरी तुला काय आवडतं ते मला ठाऊक नाही. बस."

बसलो. सवयीनं बोटानं भातात रेघ ओढली. लहानपणापासून मला भात वेगळा, भाजी वेगळी लागते. तिनं बघितलं. "विचार. पहिला तू." माझं अर्धं लक्ष पातेल्याकडे. नदीवर ग्वारीघाटाला आरतीला गेलेली काही पोरं अजून परतायची होती. मी विचारलं, "उसळ पुरेल का?"

"पुरेल," ती म्हणाली. "झाला तुझा प्रश्न."

मी म्हटलं, हे काय, हा कुठं प्रश्न होता, दुसरा विचारतो. ती ऐकेना. "पुढच्या वर्षी." स्वतःचाही तिनं राखून ठेवला. तुझा प्रश्न कोणता, म्हणून वर्षभर मी खोदून खोदून विचारलं आणि तिनं वर्षभर मला टोलवलं.

ती गेल्यावर पोरं घरी आली. "दादाजी, इस बार रहने दें?" मी म्हटलं, मटार आलेत, करा. परिषद झाली. संध्याकाळी त्यांनी डाव माझ्या हातातून काढून घेतला आणि मला मझौलीच्या एका मुलीसमोर बसवलं. चार-पाच वर्षं ती ताईसोबत वाढायला असायची. ताईसाठी वर्षभर साठवलेला प्रश्न मी तिला विचारला. मॅडम सगळ्यांना जोडीनं बसवायच्या, मग स्वतः इतकी वर्षं कुणाबरोबर का नाही बसल्या?

"हमने भी पूछा था," ती म्हणाली. "बोलीं, मेरा जोड़ीदार सबको खिलाकर आता है. मैं रुकी हूँ."

दर वर्षी ती थांबायची, आणि मी पातेली घासायचो.

तिचा राखलेला प्रश्न कोणता होता, ते आता कळणार नाही, आणि ते मला फार लागतं. जेवताना एकेक सुचतो आणि मी मोठ्यानं उत्तर देऊन बघतो. भाभी विचारतात, कोण आलंय. ताट तेच आहे, ताईबरोबर बसलो त्या रात्रीचं. बोट अजून भाताकडे जातं. मी ते मागे घेतो आणि उसळ जिकडे जाईल तिकडे जाऊ देतो.