उजवीकडची किनार

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गांधीबागेतल्या दुकानात आलेल्या मालाचे गठ्ठे तपासत होतो. भाची रुपाली एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली." ऑपरेशननंतर ताई शुद्धीवर आलीच नव्हती. नंदनवन वस्तीत तिच्या घरी पोचलो, तर मागच्या खोलीत फळीवर तिने केलेले साबण वाळत होते. शेळीच्या दुधाचा साबण काही आठवडे वाळू द्यावा लागतो. त्यांना अजून वेळ होता...

आमचे वडील विणकर. टसरच्या साडीला ते करवती किनार काढत, करवतीच्या दात्यांसारखी. हातमाग गेला, त्याची फणी तेवढी ताईने ठेवून घेतली. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती साबण करू लागली आणि तीच किनार साबणात उतरवायचं तिने मनावर घेतलं. आधी दुधाचा बर्फ करायचा, त्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा घालायचा, नाहीतर दूध करपतं. कॉस्टिकचं वजन माझ्याकडे असे. मी दोनदा केल्याशिवाय ती ते हातात घेत नसे. मग तेल घालून घोटलेलं पांढरं मिश्रण पसरट साच्यात ओतायचं, डाव्या-उजव्या कडेला गेरू मिसळलेला पट्टा सोडायचा आणि फणीने ओढून त्याचे दाते काढायचे. आडव्या वड्या कापल्या की प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना किनार. दूध देणारी भागाबाई म्हणायची, "लोकाच्या लेकराले दूध भेटत नाई, अन् तुमी साबनाले पाजून राहिल्या बाई!" ताई म्हणायची, "थांब वं, तुह्या बकरीलेच साडी नेसवतो."

गेल्या उन्हाळ्यात जेवताना ती सारखं मीठ मागू लागली. मीठ, लिंबू, चटणी तिच्या ताटात डावीकडे वाढलेलीच असायची. आम्ही हसायचो. मग एकदा तिच्या डाव्या मनगटावर कॉस्टिकने भाजल्याचा डाग दिसला. कधी भाजलं म्हणून विचारलं, तर ते मनगट दुसऱ्या कुणाचं असावं तशी ती बघत राहिली. तेव्हा माझं हसू थांबलं.

त्यानंतरच्या घाण्यात साच्याची डावी कड कोरीच राहिली. रंग कमी पडला असेल म्हणून मी वाटी वजनकाट्यावर ठेवली. निम्मा रंग तसाच होता.

"ताई, एकच किनार काढली वं?"

"दोन्ही आहेत ना गा. काहून छळून राहिला?"

"डॉक्टरले दाखवू."

"तूच दाखव तुहे डोळे."

चिडली की ती खोलीचं दार लावून घेई, तसंच घेतलं. वड्या कापल्यावर मी एक उचलून तिच्यापुढे ठेवली, किनार तिच्या उजव्या हाताला. "बरी आहे," ती म्हणाली. मग मी तीच वडी फिरवली, किनार तिच्या डावीकडे.

"अन् याची किनार कुठं गेली?"

"तीच वडी आहे, ताई."

तिने ती स्वतः फिरवली. किनार आली. पुन्हा फिरवली... गेली. मग तिने डोळे मिटून वडीवरून बोट फिरवलं. खरखरीत दाते हाताला लागले तिथे बोट थांबलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "उद्या नेशील का मले?"

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. डावीकडचं जग तिच्यापुरतं पुसत चाललं होतं, आणि पुसलं जातंय हेही तिला कळत नव्हतं. ऑपरेशनला जाताना तिने रुपालीला बजावलं, "त्या वड्या फेकजो नको. वाळू दे."

आता त्या वाळल्या आहेत. हातात हलक्या लागतात. रुपाली धूळ पुसते आणि कशाही ठेवते. मी गेलो की फळीसमोरच्या ताईच्या खुर्चीत आधी बसून बघतो. मग उठून एकेक वडी फिरवतो, किनार उजवीकडे येईल अशी.