दोन्ही बाजूंनी बोलणारे शहारे सर

गौरवग्रंथात दोष सांगायचे नसतात, असे संपादकांनी मला बजावले आहे. म्हणून एकच सांगून मोकळी होते : प्रा. देवाजी शहारे सर हट्टी आहेत. बाकी लेख गौरवाचाच आहे.

१९९९ साली मी अर्जुनी मोरगावच्या महाविद्यालयात भूगोल शिकवायला रुजू झाले. सर अर्थशास्त्राचे. पहिल्याच शनिवारी त्यांनी मला आपल्या वादसभेत नेऊन बसवले. फळ्यावर विषय होता, ‘आंतरराष्ट्रीय हवामान करार राष्ट्रहिताचे आहेत काय?’ क्योटोचा करार तेव्हा नवा होता. दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात हा विषय कोणाला हवा, असे मला वाटले. सर विरोधात उभे राहिले. “मोठ्या देशांची पंगत जेवून उठली. आमच्या पानात अजून भात नाही पडला, अन् भांडे घासाले आमालेच बलावून राहिले!” सभा खो खो हसली आणि सर जिंकले. मीही त्यांच्या बाजूने हात वर केला होता.

पुढच्या शनिवारी तेच सर कराराच्या बाजूने उभे! “पंगत कोणाचीबी असो, विहीर तं एकच आहे ना जी? तिच्यात घाण पडली तं प्यायचं काय?” मी चक्रावले. मग कळले, सभेचा नियमच तसा होता. जिंकेल त्याने पुढच्या वेळी उलट बाजू मांडायची. सर म्हणत, जिंकलेल्या माणसाला आपलेच खरे वाटू लागते, त्यावर हा उतारा आहे.

खेड्यातल्या मुलांना त्यांनी बोलते केले ते असे. एका वादस्पर्धेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चिचगडच्या मुलीचे गुण बोली अशुद्ध म्हणून कापले, तेव्हा सरांनी कॉलेजला मिळालेली ढाल तिथल्या तिथे परत केली. “तिचा मुद्दा चुकला का, ते सांगा,” एवढेच म्हणाले. प्राचार्य महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

सर निवृत्त झाल्यावर सभा वाचनालयाच्या खोलीत भरू लागली. पॅरिसच्या करारावर देशाने सही केली त्या उन्हाळ्यात जुना विषय पुन्हा फळ्यावर आला. सर विरोधात बोलले, जिंकले. त्याच आठवड्यात चिचगडहून निरोप आला. त्यांच्या धाकट्या बहीण कौसल्याबाई तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. त्यांना जंगलातच ऊन लागले आणि घरी आणेपर्यंत सारे संपले होते.

शनिवारी सर येणार नाहीत असे आम्ही धरून चाललो होतो. ते आले. कराराच्या बाजूने बोलायची पाळी त्यांची होती. त्यांचा जुना विद्यार्थी उमेश आता वकील आहे. तो दारातच म्हणाला, “सर, आत्याबाईचं सांगा. विरोधात एक हात वर नाही होणार.”

“तिले साक्षीले उभी करू नको,” सर म्हणाले. “करार असता तं ते ऊन कमी पडलं असतं का, मले मालूम नाही. मालूम नाही ते बहिणीच्या नावानं काऊन सांगू?”

आणि ते बोलले. बदललेला पाऊस, धानाची रोवणी, करारात नसलेल्या देशाला कोण विचारतो, असे सगळे मुद्दे क्रमाने मांडले. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायले. खोलीत सगळ्यांना सगळे माहीत होते, म्हणून कोणी वर पाहिले नाही. विरोधातल्या तरुण प्राध्यापकांनी सरांचाच पंगतीचा दाखला दिला, तेव्हा मात्र मागे दोन-चार जण हसले. सर हरले. हात त्यांनी स्वतःच मोजले.

बसस्थानकाकडे चालताना त्यांनी विचारले, “मॅडम, कौसल्येचं नाव घेतलं असतं तं जिंकलो असतो ना?”

“हो, सर.”

“मंग तिच्या मरणावर टाळ्या पडल्या असत्या.”

मला रडू आले आणि सरांचा रागही आला. एकदा तरी या माणसाने स्वतःसाठी बोलायला हवे होते. त्यानंतर त्या विषयावर ते कोणत्याच बाजूने उभे राहिले नाहीत. सभाही आता रोडावली आहे. मोबाईलवर आयते मत मिळते, आणि जिंकलेला पुढच्या शनिवारी फिरकतच नाही. सर मात्र अजूनही सगळ्या खुर्च्या लावतात, रिकाम्या राहणार असल्या तरी.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शतायुषी व्हा असे सगळेच म्हणतील, मीही म्हणते. पण माझे खरे मागणे लहान आहे. सर, उन्हाळ्यात दुपारी सायकल काढू नका, सभा आपण दिवेलागणीनंतर घेऊ. तुम्हाला काही झाले, तर तुमचे नाव न घेता बोलणे आमच्यातल्या कोणालाच जमणार नाही.