मामांच्या बेटाचा फुटबॉल

माझ्या सुनेच्या मामांइतका देशाचा अभिमान बाळगणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तो देश मामांचा नव्हताच. मामा मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी त्यांना मास्तरकी मिळाली ती थेट भर समुद्रातल्या एका बेटावर. लग्नबिग्न न करता सगळी नोकरी त्यांनी तिथेच काढली. ते बेट म्हणजे एक स्वतंत्र देश होता. त्याला झेंडा होता, पोस्टाचं तिकीट होतं आणि फुटबॉलचा राष्ट्रीय संघही होता. देशाचं नाव मामांनी मला कितीदा तरी सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर काही बसलं नाही. घरात सगळेच 'मामांचं बेट' म्हणत. माझ्या मुलाने एकदा भिंग घेऊन ते नकाशात शोधलं. सापडेना, तेव्हा मामा म्हणाले, "तिथे छापखान्याचा ठिपका पडलाय ना, त्याच्या खाली आहे."

निवृत्त झाल्यावर मामा अमेरिकेत आमच्याकडे ट्रॉय गावी राहायला आले. मुलगा मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, सूनही नोकरी करणारी, नात शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघंच. मी स्वयंपाकघरात आणि मामा खाली बेसमेंटमध्ये. ते मला 'विहीणबाई' म्हणत आणि इतक्या अदबीने म्हणत, की लग्नाच्या मांडवातून आम्ही अजून उठलेलोच नाही असं मला वाटे. खाणं साधं, कपडे दोनच जोड, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. अमेरिकेत त्यांना काही बघायचं नव्हतं. मोठा धबधबा दाखवायला मुलाने नेलं, तर पाण्याकडे पाठ करून ते शेजारच्या बाईला बेटाच्या फुटबॉलविषयी सांगत उभे राहिले.

या संघाचे मामा चिटणीस होते, व्यवस्थापक होते आणि पंच आला नाही तर पंचही होते. एवढी पदं एका माणसाकडे कशी आली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बेटावर शिट्टी एकच होती, विहीणबाई, आणि ती शाळेच्या मास्तरांकडे होती." स्वतः मामांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. मास्तराचा नेम चुकला तर वर्ग हाताबाहेर जातो, असं त्यांचं मत होतं. बेट सोडून निघाले तेव्हा संघातली सगळी मुलं धक्क्यावर आली होती. मुलं म्हणजे तोवर बापे झालेले, कुणी कोळी, कुणी सुतार, कॅप्टन तर गावचा न्हावी. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मोठ्या देशात चाललात. आमचा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही. तिथे तो कुणाला तरी सांगा. पण अर्धा सांगू नका, सगळा सांगा." मामांनी शब्द दिला. बस, एवढंच काम घेऊन हा माणूस अमेरिकेत आला होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी एकाने ऐकावं. आणि ट्रॉयमध्ये तेवढंच काही केल्या जमेना.

मामांनी प्रयत्न सोडला म्हणून नव्हे. शेजारचा गोरा म्हातारा अंगणातलं गवत कापायला निघाला, की मामा कुंपणाशी उभे. म्हातारा सभ्य होता. बेट कसं निर्माण झालं इथपर्यंत तो मान हलवत ऐके, आणि ज्वालामुखी थंड झाला की हळूच यंत्राची दोरी ओढी. पुढचा इतिहास त्या घरघरीत जाई. वाणसामानाच्या देशी दुकानात मामा डाळ घ्यायला जात आणि मालकाला पहिला सामना सांगू लागत. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या रांगेत जात. एकदा विमा विकणाऱ्याचा फोन आला. माझा मुलगा अशा लोकांना घालवताना रडकुंडीला येई, पण त्या दिवशी फोन मामांनी उचलला. बऱ्याच वेळाने ते खिन्न चेहऱ्याने वर आले आणि म्हणाले, "ठेवला त्याने." विकणाऱ्याने आधी फोन ठेवला, असं अमेरिकेत पहिल्यांदाच घडलं असेल, असं मुलगा म्हणाला आणि तेव्हापासून तो फोन मामांनाच देऊ लागला.

रविवारी विद्यापीठात शिकणारी आपल्याकडची मुलं जेवायला येत. पुण्याची, नागपूरची, घरच्या वरणभाताला आसुसलेली. मामांना ती आयती सापडत. डायनिंग टेबलावर ते अकरा बटाटे इकडे, अकरा लिंबं तिकडे मांडत आणि मिठाची बरणी पंच म्हणून मधे ठेवत. मी भाजीला बटाटे मागितले, तर म्हणत, "मैदानात आहेत ते, विहीणबाई. हाफटाइमला घ्या." तोवर मुलांची चुळबुळ सुरू होई. "काका, लॅब आहे यार, एक्स्पेरिमेंट चालू ठेवून आलोय," असं म्हणत एक उठला की त्याच्यामागे सगळे उठत. काकांना यार म्हटल्याचं मामांना वाईट वाटत नसे, लॅबचं वाटे. माझी नात मात्र सरळ विचारी, "मामाआजोबा, बट डिड यू गाइज एव्हर विन?" मामा म्हणत, "ते शेवटच्या अध्यायात आहे." शेवटच्या अध्यायापर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं. मीही नाही. गॅसवर काहीतरी असेच.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात जगातल्या मोठ्या देशांचे सामने टीव्हीवर लागले. मामा नीट आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बघायला बसले. थोड्या वेळाने उठून म्हणाले, "खेळ बरा आहे. पण चेंडू बाहेर गेला की ह्यांना भीती कसली? गवतच आहे सगळीकडे." बेटाच्या मैदानाच्या तिन्ही बाजूंना समुद्र. त्यामुळे तिथे एक माणूस होडी घेऊन कायम पाण्यात बसलेला असे, आणि संघाच्या फोटोत तोही वल्ह्यासकट उभा राही.

त्याच वर्षी मुलाने नवं घर घेतलं आणि वास्तूसाठी सत्यनारायण घालायचं ठरलं. तेव्हा आमच्या भागात भटजी मिळणं कठीण. कुणीतरी पुण्याच्या एका गुरुजींच्या आवाजात पूजा आणि कथा टेप करून आणली होती. ती एकच कॅसेट घरोघर फिरे. एका बाजूला पूजा, दुसऱ्या बाजूला पाच अध्याय. इतक्या घरांतून फिरून तिच्यावरचा कागद हळदीकुंकवाने पुसून गेला होता. ती आठवडाभर आधी आमच्याकडे आली. आवाज नीट येतो का, हे बघायला मुलाने पूजेची बाजू वाजवली, कथेचा पहिला अध्याय वाजवला, आणि ऑफिसचा फोन आला म्हणून तिथेच बंद करून ती बेसमेंटमधल्या टेपरेकॉर्डरवर ठेवून दिली.

आता मामांनी त्याच दिवसांत मनाशी ठरवलं होतं, की माणसं ऐकत नाहीत तर यंत्राला सांगावं. टेपरेकॉर्डर समोर होता, वर नाव नसलेली कॅसेट होती. कोरी असेल असं समजून त्यांनी ती घातली आणि लाल बटण दाबलं.

पूजेच्या दिवशी दिवाणखान्यात चादरी अंथरल्या होत्या. केळीचे खांब कुठले मिळायला? चौरंगाला मक्याची ताटं बांधली होती. मुलगा आणि सून पाटावर बसले. पाहुण्यांच्या हातात अक्षता आणि फुलं दिली. मामा माझ्याजवळ स्वयंपाकघराच्या दारात केळ्यांचं ताट घेऊन उभे होते. पूजा यथासांग झाली, कॅसेट उलटली, गुरुजींनी पहिला अध्याय संपवला, सगळ्यांनी फूल वाहिलं. मग किंचित खरखर झाली आणि वर्गात घुमावा तसा मामांचा आवाज आला. "अध्याय पहिला. महासागराच्या मधोमध एक बेट होतं. तिथले लोक गरीब, पण मनाने चांगले होते."

पाहुण्यांतल्या नागपूरच्या काकू हळूच म्हणाल्या, "अगं बाई, पुन्हा पहिलाच?" बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण समुद्र आणि गरीब माणसं त्या कथेतही आहेतच. पण पुढे चेंडू आला. मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने मामांकडे. मामांच्या हातातलं ताट कलतं झालं आणि केळी एकेक करून खाली घसरू लागली. मुलाने बंद करायला हात पुढे केला, तोच काकू कडाडल्या, "अरे, हात काय लावतोस? कथा मधे मोडू नये! लोकांच्या हातात अक्षता आहेत."

"काकू, ही कथा नाही हो. हा मामांचा फुटबॉल आहे."

"असेना का! अध्याय म्हणाले ना ते? मग संपू दे. नव्या घरात अर्धवट ठेवतोस होय?"

काकू वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. मुलाने हात मागे घेतला आणि सगळे बसून राहिले. आधी तरण्या मुलांनी तोंडावर रुमाल धरले. मग हळूहळू रुमाल खाली आले. माणसांसमोर मामा पाल्हाळ लावत, कारण समोरचा उठेल या धास्तीने ते जणू दारच अडवून बोलत. यंत्र उठून जाणार नव्हतं, म्हणून टेपवर ते कसे निवांत, नेटकं बोलले होते. पहिल्या सामन्याला पाहुणा संघ जहाजाने आला. त्यांनी आपलं राष्ट्रगीत म्हटलं. बेटाचं राष्ट्रगीत तोवर कुणी लिहिलंच नव्हतं. खेळाडूंनी एकमेकांकडे पाहिलं आणि मास्तरांनी शाळेत शिकवलेलं, सगळ्यांना सुरात येणारं एकच काय ते सुरू केलं. बे एके बे, बे दुणे चार. आपले मराठी पाढे. पाहुणे छातीवर हात ठेवून बे दाहे वीसपर्यंत ताठ उभे होते. हे ऐकून पाटावर बसलेला माझा मुलगा, पूजेचा यजमान, पोट धरून हसला, आणि काकूही हसल्या.

अध्याय संपला की मामा "इति" म्हणत, आणि हातात फूल असलेला जो तो सवयीने ते वाहून मोकळा होई. मधेच एका पेनल्टीच्या ऐन वेळी टेपमधून माझाच आवाज आला, "मामा, चहा निवतोय." त्यावर मामा, "आलो विहीणबाई, एवढी लाथ बसू द्या." सगळं घर माझ्याकडे वळून हसलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग शेवटचा अध्याय आला. संघ खोबरं वाहणाऱ्या बोटीने दूरच्या एका देशात खेळायला गेला. वाटेत बोट लागून अर्धे खेळाडू आडवे झाले. सामन्यात समोरचे गोलामागून गोल करत राहिले. आणि खेळ संपायला आला तेव्हा कॅप्टनने, त्या न्हाव्याने, एक गोल केला. बेटाच्या साऱ्या इतिहासातला तो पहिला गोल. समोरच्या देशाचे लोकसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बोट परतली तेव्हा सगळं बेट किनाऱ्यावर जमलं होतं. काय झालं, असं लोकांनी ओरडून विचारलं. कॅप्टन बोटीच्या टोकावर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आपण गोल केला." त्या रात्री बेटावर कुणी झोपलं नाही. बाकीचं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. "इति," टेपवर मामा म्हणाले. एक खट् झालं, आणि गुरुजींचा पाचवा अध्याय मधूनच सुरू झाला.

नात म्हणाली, "सो दे नेव्हर वन." काकूंनी तिला जवळ ओढून म्हटलं, "गप गं. गोल केला ना!" मामा अजून दारातच उभे होते. मी केळी गोळा करून त्यांच्या ताटात ठेवली, तर ते मला म्हणाले, "कुणी उठलं नाही हो, विहीणबाई." मग आरती झाली, आणि मामांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना प्रसाद वाढला.

त्यानंतर एक झालं. मामा गप्प झाले. रागावून नव्हे, आजारी पडून नव्हे. काम झालं की माणूस खुर्चीत जरा मागे टेकतो ना, तसे. रविवारी आलेली मुलं आता आपणहून विचारत, "काका, त्या कॅप्टनचं सांगा ना." मामा हसून म्हणत, "सांगून झालं की रे." मग ते गुडघ्याचं बोलत, थंडीचं बोलत, सगळी म्हातारी माणसं बोलतात ते बोलत. आमच्या घरात एवढी शांतता मला पूर्वी हवीशी वाटली असती. पुण्याहून नवी कॅसेट मागवली गेली. तिच्यात पाचही अध्याय जिथल्या तिथे आहेत. ती दुसऱ्या एका घरी लागली तेव्हा काकू माझ्या शेजारी होत्या. दुसरा अध्याय सुरू झाल्यावर थोडा वेळ त्यांनी ऐकलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "चांगलं आहे गं. पण ते नाही."

बर्फ पडायच्या आत मामा भावाकडे सांगलीला निघाले. सुनेने फार आग्रह केला, "मामा, राहा ना आणखी. जायची घाई काय आहे?" तर म्हणाले, "ज्यासाठी आलो होतो ते झालं गं." विमानतळावर मला वाकून नमस्कार करू लागले, तेव्हा मीच मागे सरले. पुढे वर्षाच्या आतच ते गेल्याचं कळलं. कधी दुपारी भांडी आवरून झाली, की माझ्या मनात येतं, ते बेट अजून खेळत असेल. नवी मुलं असतील, नवा कॅप्टन असेल. त्यांनी एखादा सामना जिंकलाही असेल. पण मामांच्या पुढचा इतिहास आमच्या घरात कुणाला येत नाही, आणि तो कुणाला विचारावा हेही ठाऊक नाही.